सीलबंद डिस्क

हार्ड डिस्क बनावट असू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. तूप बनावट असतं, आमच्या वऱ्हाडात तर कपाशीचं बियाणंही बोगस निघतं. पण डिस्क? अजूनही मती गुंग होते.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढलं. त्याआधी तिवशाजवळच्या आमच्या गावात ते खंजिरी भजनं म्हणायचे. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन बसत. ती भजनं मी वेळोवेळी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवली होती. ऑपरेशननंतर बाबा अमरावतीला माझ्याकडेच राहायला आले. रोज संध्याकाळी चहा झाला की हात कानाशी नेत, म्हणजे मी भजन लावायचं. मग स्वतःचाच आवाज ऐकत ते खंजिरीवर ताल धरत.

लॅपटॉप भरला आणि रडतखडत चालू लागला. अकोल्याच्या धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, तू कंपनीचीच डिस्क कावून पाहून राहिली? बाहेरची घे, स्वस्तातली. मी रॅम अन् डिस्क दोनी बाहेरच्याच टाकल्या, मस्त चालून राहिल्या."

स्वस्तात मिळालं तर हा विमानाचं इंजिनही भंगारातून आणेल. त्याचं मी कशाला ऐकते! बाबांच्या आवाजाचा प्रश्न होता. मी बाबांना घेऊन दुकानात गेले आणि लॅपटॉपच्याच कंपनीची, लॅपटॉपला बाहेरून जोडायची डिस्क मागितली. बाबांनी खोक्याचं सील अंगठ्यानं दाबून पाहिलं, चमकणारा स्टिकर नखानं खरवडला. बियाण्याची थैली घेताना ते हेच करायचे. त्यांनी मान डोलावली आणि मला धीर आला.

पेरणीआधी मात्र ते सीलबंद थैलीतलंही मूठभर बी ओल्या पोत्यात घालून उगवतं का ते बघत. डिस्क उगवून कशी बघायची, हे आम्हा दोघांनाही कुठे माहीत होतं!

त्याच रात्री सगळं तिच्यात उतरवलं. भजनांची नावं ओळीनं दिसली. मी लॅपटॉपमधली भजनं पुसली, त्या जागी ऑफिसचं काम भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले असताना सहज एक भजन लावलं, तर वाजेना. दुसरंही नाही, तिसरंही नाही. एकेक करून सगळी लावून पाहिली.

भाऊ अकोल्याहून तातडीनं आला. बाबांना कळू न देता त्यानं डिस्क उघडली, तर आत नखाएवढं मेमरी कार्ड चिकटवलेलं. जागेचा खोटा मोठा आकडा दाखवायचं, भजनांची नुसती नावं दाखवायचं आणि बाकी सगळं गिळायचं. स्टिकरही खोटाच. लॅपटॉपमधलं पुसलेलं परत मिळतं का, तेही त्यानं पाहिलं. नाही मिळालं. फोन तर मी कधीच बदलला होता. भावानं एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळी चहा झाला. बाबांचा हात कानाशी गेला. सांगायचं धाडस होईना, म्हणून मी सवयीनं बटण दाबलं.

बाबा थांबले. पुढे झुकले. मग खंजिरी उचलून त्यांनी एका कानाशी वाजवली, नंतर दुसऱ्या. आता कानही गेले, असंच त्यांना वाटलं होतं.

"बाबा, तुमचे कान चांगले हायेत," मी म्हणाले. "डिस्क खोटी निघाली."

त्यांना हायसं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. खंजिरी खाली ठेवून ते हसलेसुद्धा. मग त्यांनी पुन्हा हात कानाशी नेला, आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं: डिस्क राहू दे, यातलं लाव.