बेचाळीस नंबरचा माग

रोज सकाळी गिरणीत निघण्याआधी नत्थूजी वासनिक दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचे काठ अंगठ्याने चाचपत. त्यांची बायको कौसल्या चिडवायची, "लुगडं माह्यं हाये, गिरणीचं नाही!" ते हसत, आणि तरीही चाचपत. वडील घरच्या हातमागावर जाडंभरडं विणायचे. बोटं तिथेच शिकली होती.

गिरणीत मात्र त्यांना एकोणीस वर्षं कताईतच ठेवलं. विणाईत पगार जास्त, पण तिथे एक रीत होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. पुढच्या पाळीचा विणकर तोच धोटा तोंडाला लावणार. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या माणसाच्या तोंडचा धोटा? हे कुणी उघड बोलत नसे. बोलायचे ते हाताबद्दल.

सदुसष्ट साली नव्या साहेबाने त्यांना विणाईत तीन महिन्यांची संधी दिली. काम जमलं तर कायम. खात्याचे मुकादम, जॉबर बाबनरावांनी मुद्दाम बेचाळीस नंबरचा माग दिला. त्याच्या कापडात हातभर अंतरावर आडवी रेघ उमटायची.

"तुमच्या लोकायचा हात जात्याच जड," बाबनराव म्हणाले. "रक्तातच हाये गा. त्याले तू काय करशीन?"

"मंग भैय्याजीले उभं करा माह्या मागावर. आठ दिवस."

भैय्याजी पिढीजात कोष्टी, खात्यातला नावाजलेला विणकर. त्याच्याही कापडात तीच रेघ आली. तेव्हा कुणाला त्याचं रक्त आठवलं नाही, फिटरला बोलावलं. त्याने मापं घेतली. चौकट ओततानाच वाकडी झालेली, हे जन्माचं दुखणं, म्हणाला. मग मागाचा वेग कमी केला, त्यावर फक्त गोणपाटासारखं जाड कापड घ्यायचं ठरलं. लोखंडाचा स्वभाव सगळ्यांनी सांभाळून घेतला.

नत्थूजींच्या कागदावर शेरा पडला: हात जड, विणाईस अयोग्य. परत कताई.

मी त्यांच्या शेजारीच वाढले; तो कागद मी पाहिला आहे. मला खोटेपणाहून जास्त चीड येते ती त्या 'जात्याच'ची. चौकट मोजली, हात कुणी मोजला? आणि जे खरोखर बदलता येत होतं ते कुणाला बदलायचं नव्हतं. तारेच्या आकड्याने धागा ओढता येतो. नत्थूजींनी तसा आकडा करून दाखवला होता. बाबनरावांनी तो कचऱ्यात टाकला. भैय्याजी शेजारी उभा होता.

ब्याऐंशी साली छातीत कापूस साचलेले नत्थूजी धंतोलीच्या दवाखान्यात होते. एका संध्याकाळी मी खाटेपाशी बसले होते. भैय्याजी थर्मास घेऊन आला. कप एकच. नत्थूजींनी अर्धी चाय प्यायली आणि कप त्याच्यापुढे धरला. भैय्याजी कपाकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे नत्थूजी गेले; त्या संध्याकाळनंतर ते काही बोलले नाहीत. तेव्हा बोलले ते एवढंच,

"घे ना गा, थंडी होऊन राहिली."