डावीकडची मोकळी जागा

सामना सुरू व्हायची शिट्टी झाली की आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे दहाच खेळाडू मैदानात असायचे. अकरावा बूट-मोजे चढवून, तालमीचा शर्ट घालून रेषेबाहेर उभा. पंच आमच्या कोचकडे, बसूअण्णांकडे बघायचे, अण्णा मान हलवून "चालू करा" म्हणायचे, आणि पहिली पाच मिनिटं आमच्या लेफ्ट बॅकची जागा मोकळी राहायची. पाच मिनिटं झाली की अण्णा त्या अकराव्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत सोडायचे. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, पोरगं उशिरा आलं असावं. मी गोलकीपर. ती मोकळी जागा माझ्या समोर, डाव्या हाताला. तिच्यातून आलेले गोल मी खाल्लेत. त्यामुळे अण्णांच्या कारकिर्दीचा निकाल लावायचा हक्क कुणाला असेल तर तो मलाच, असं मी त्या काळी चिडून म्हणत असे.

बसूअण्णा मूळचे गडहिंग्लजचे. गुळाच्या अडतीत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आले आणि आमच्या पेठेत भाड्याने राहिले. सकाळी मैदान, मग दिवसभर मार्केट यार्ड. शर्टाला कायम गुळाचा वास. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि मैदानावर चिडले की निव्वळ कानडी, त्यामुळे त्यांच्या शिव्या आम्हाला कधी लागल्याच नाहीत. आम्हा सगळ्यांना ते "तम्मा" म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. कुणाला नावाने हाक मारली की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी की पुस्तकात सापडायची नाही. पास कसा द्यायचा हे सांगताना म्हणायचे, "बॉल म्हंजे पावणं हाय. आलं की घरात घ्यायचं, पाणी द्यायचं आणि लगीच वाटंला लावायचं. मुक्कामाला ठेवायचं न्हाय." मला म्हणायचे, "तू दार हायस तम्मा, खिडकी न्हाय. बघत बसू नगंस." आणि सगळ्यावर त्यांचं एकच औषध होतं. ताप असो, पोटरीत गोळा असो, घरी भांडण झालेलं असो, अण्णा म्हणायचे, "पळ की तम्मा, उतरतंय." आमच्या एका फॉरवर्डचं ठरलेलं लग्न मोडलं, पोरगं चार दिवस जेवलं नाही. अण्णांनी त्याला मैदानाला इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की शेवटी ते म्हशी पिळतात त्या दूधकट्ट्यावर जाऊन दोन शेर धारोष्ण दूध प्यालं आणि पुढच्या सामन्यात त्यानं गोल केला. तेव्हापासून त्या वाक्यावर आमचा मंत्रासारखा विश्वास बसला.

आणि अण्णांनी काम केलं होतं. खालच्या गटात कुजत पडलेली आमची तालीम त्यांनी वरच्या गटात नेली, तीही पेठेतल्याच पोरांना घेऊन. मोठ्या तालमींनी गोव्याचे खेळाडू आणायला सुरुवात केली होती. अण्णा म्हणायचे, "आपल्या पोरांस्नी रेषेवर बसवून पावण्यांकडनं खेळवायचं? मग जिंकलं कोण?" एकदा आम्ही एका बलाढ्य तालमीला बरोबरीत रोखलं, तेव्हा पेठेत जिलेबी वाटली गेली. बरोबरीची जिलेबी. बाकीच्या पेठा आम्हाला कित्येक महिने हसत होत्या.

त्या संघाचा लेफ्ट बॅक विलास, पेठेचा विल्या. घरी म्हशी होत्या. पहाटे आईबरोबर धारा काढून तो मैदानावर यायचा. बोलणं कमी, पण डाव्या बाजूला तो उभा असला की मी तिकडे बघायचोच नाही. कीपरला याहून मोठी चैन नसते.

उन्हाळ्यातला सामना होता. कपडे बदलताना विल्या माझ्या शेजारी बूट बांधत होता. बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "अण्णा, छातीत भरल्यागत हुतंय." अण्णा नाड्या, पट्ट्या वाटत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "पळ की तम्मा, उतरतंय." आम्ही हसलो. विल्याही हसला आणि मैदानात गेला. पाच मिनिटंही झाली नव्हती. चेंडू पलीकडच्या टोकाला होता, विल्याच्या आसपास कुणीसुद्धा नव्हतं. मी सहज डावीकडे बघितलं तर तो गुडघ्यावर बसला होता. मला वाटलं, नाडी सुटली. दवाखान्यात न्यायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा जन्मापासूनचा दोष होता, कधीही झालं असतं. कुणाचा काही दोष नाही, असं पेठेतला प्रत्येक माणूस अण्णांना सांगून गेला. "पळ की तम्मा" मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पुढच्या सामन्याला त्यांनी दहाच नावं सांगितली. आम्हाला वाटलं, चुकले. ते म्हणाले, "पाच मिनिटं त्याची. उरल्याली तुमची. त्यात जिंका." पंचांनी हरकत घेतली नाही, माणसं कमी असली तरी खेळ सुरू करता येतो. त्या दिवशी समोरच्या तालमीची पोरंसुद्धा शहाणी निघाली. पाच मिनिटं त्यांनी आपापसात पास दिले, त्या बाजूला फिरकली नाहीत. एरवी आई-बहिणीवरून गर्जणारं स्टेडियम उभं राहून गप्प होतं. मी गोलमध्ये रडत होतो आणि ग्लोव्हजनी डोळे पुसता येत नव्हते.

एका सामन्यापुरतं असेल असं वाटलं होतं. पण अण्णांनी ते थांबवलंच नाही. पुढच्या हंगामात एका तालमीचा तरणा विंगर थेट त्या मोकळ्या जागेतून शिरला आणि त्यानं गोल केला. आमच्या समर्थकांनी त्याच्या नावानं चपला भिरकावल्या. सामना संपल्यावर ते पोरगं अण्णांच्या पाया पडायला आलं. अण्णांनी त्याला उचललं. "गोल बरोबर हाय तुझा," म्हणाले. "मोकळ्या जाग्यातनंच गोल करायचा असतोय." त्यानंतर सगळ्याच तालमी तिथून येऊ लागल्या. पाच मिनिटांत आम्ही एक गोल मागे, आणि पुढचा सगळा वेळ तो फेडण्यात जायचा. आम्ही वरच्या गटातून खाली आलो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या पाच मिनिटांत काय व्हायचं ते मी बघितलं आहे. आमचा मधला खेळाडू वर न बघता डावीकडे पास द्यायचा, जसा विल्याला द्यायचा तसा. चेंडू गवतावरून हळूहळू जात रेषेबाहेर पडायचा आणि कुणीच त्याला बोल लावायचं नाही. मी स्वतः दोनदा "विल्या, मागं" म्हणून ओरडलोय. एकदा तर चेंडू त्या जागेत आल्यावर समोरचा फॉरवर्ड क्षणभर थबकला, कुणाला तरी वाट द्यावी तसा. नंतर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काय न्हाय, पाय घसरला." कोरडं मैदान होतं.

शेवटी तालमीची बैठक बोलावली गेली. तालमीचा सेक्रेटरी राजू आमच्याहून लहान, पण बोलायला खमक्या. त्यानं सरळच मांडलं, "अण्णा, तुमी आमाला वर नेलं, मान्य. पर खालीबी तुमीच आणलं. पेठंत मान वर करून फिरता येईना. एक तर जागा भरा, न्हायतर कोच बदलू." मग तो माझ्याकडे वळला. "दादा, तुमी सांगा. गोल तुमी खाताय." मी अण्णांकडे न बघता म्हणालो, "मला बॅक पायजे." अण्णा मांडी घालून बसले होते. त्यांनी फक्त मान डोलावली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दाराशी विल्याची आई येऊन उभी राहिली. आमच्या तालमीत बायका गणपती सोडला तर येत नसत. सगळे गडबडून उठलो. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "अण्णा, ती जागा भरा आता. दर मॅचला पाच मिनिटं माझं पोरगं मला नव्यानं जातंय."

अण्णा उभे राहिले. बैठकीतलं कुणी तिथे नसल्यासारखे तिच्याशी बोलले. "वैनी, ती जागा माझ्यामुळं मोकळी झाली. छातीत भरलंय म्हणून त्यानं सांगिटलं हुतं मला. मी पळ म्हटलं. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाय, म्हणून हे करत बसलो."

राजूनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. आईनं पदर सारखा केला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "सकाळी धार काढताना मलाबी सांगिटलं हुतं त्यानं. आज जाऊ नगं वाटतंय म्हणला. मी म्हटलं, जा की, अण्णा वाट बघत असतील."

एवढं बोलून ती गेली. बैठकीत कुठलाच ठराव झाला नाही.

पुढच्या सामन्याला अण्णांनी अकरा नावं सांगितली. आम्ही तोही हरलो, पण रीतसर हरलो. विल्याची आई शेवटपर्यंत बसून होती. हंगाम संपला तसे अण्णा नोकरी सोडून गडहिंग्लजला परत गेले. त्यांना कुणी काढलं नाही. नंतर बाहेरचे खेळाडू आले, तालीम वर गेली, आणि पेठेत अण्णांचा विषय निघाला की पोरं विचारू लागली, कोच म्हणून माणूस कसा होता? निकालांवर बोलायचं तर नापास. जेवढं कमावलं तेवढं त्यांनी स्वतःच्या हातानं घालवलं, आणि आमची ऐन उमेदीची वर्षंही त्यात गेली. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलं असतं. पण मी ज्यांच्या हाताखाली खेळलो त्यातला दुसरा कुठलाच कोच मला आठवत नाही, हेही खरं आहे.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी एसटीनं गडहिंग्लजला गेलो. माणूस पार वाळला होता. मुलीनं उशीला टेकवून बसवलं. मी तालमीच्या बातम्या सांगत राहिलो, कुठला कप, किती गर्दी. त्यांना त्यात रस नव्हता. मध्येच त्यांनी विचारलं, "लेफ्ट बॅक कोण हाय आता?"

मी नाव सांगितलं. पेठेतलंच पोरगं, नवीन.

"बरा खेळतोय?"

"बरा खेळतोय."

त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, तरी धरून ठेवलं.

"बरं वाटंना म्हणला तर बसवतासा न्हवं त्याला?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो, "बसवतो."

त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.