उठा, पण ऐकत उठा

माईकच्या स्टँडचा स्क्रू सैल करायचा, दांडा वीतभर खाली घ्यायचा, स्क्रू पुन्हा आवळायचा आणि मगच तोंड उघडायचं, ही नानांची रीत. त्या स्क्रूला आमच्या नाट्यगृहात कधी कोणी तेल घातलं नाही. दांडा खाली यायला लागला की 'किर्रर्र' असा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आणि तो ऐकला की लोक उठायला लागायचे. नानांना समोर दिसायच्या त्या पाठीच. ते त्या पाठींकडे बघायचे आणि अजिबात न चिडता म्हणायचे, "उठत असाल तर उठा, पण ऐकत ऐकत उठा."

तुम्ही जळगावचे असाल आणि कार्यक्रमांना जाणारे असाल, तर त्या पाठींत तुमचीही एक पाठ असणार. राग मानू नका, आभाराला कोण थांबतं? पण नाना कसे दिसायचे हे तुम्हाला आठवत नसेल तर त्याचं कारण एवढंच. बुटके होते, अंगावर कायम पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, आणि हिवाळा-उन्हाळा गळ्याभोवती एक तपकिरी मफलर.

आमच्या सांस्कृतिक मंडळात कामं ठरलेली होती. सूत्रसंचालन मी करायची, आभार नाना मानायचे. मी बँकेत नोकरीला, ते एस.टी.तून निवृत्त झालेले. शास्त्रीय गाणं असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, मुंबईहून आलेलं नाटक असो, आमची जोडी कायम. पत्रिकेत तळाशी बारीक अक्षरांत आमची नावं एकाखाली एक यायची.

सूत्रसंचालनात मजा असते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाहुणे अजून चोपड्याच्या पुढे आलेले नसतात आणि आपण 'थोड्याच वेळात' हे शब्द फिरवून फिरवून म्हणत उभं राहायचं. मग सत्कार. शाल, श्रीफळ, गुच्छ. सत्कार झालेल्यानं सत्कार करणाऱ्याचा सत्कार करायचा. एकदा रावेरकडच्या एका पाहुण्यांनी व्यासपीठावरच्या प्रत्येकाला केळीचा घड दिला होता, तेव्हा ते घड कुठं ठेवायचे यातच पाव तास गेला. मूळ कार्यक्रम सुरू होईपर्यंत माझ्या पायांत गोळे आलेले असत. आणि नाना? ते विंगेत लोखंडी खुर्चीवर पहिल्यापासून बसलेले असत, आपली पाळी सगळ्यात शेवटी आहे हे ठाऊक असून.

नाना एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या पुकारायचं काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं. "अमळनेर, धरणगाव, चाळीसगाव," असं ते त्या आवाजात म्हणून दाखवायचे तेव्हा अजूनही पिशवी उचलून पळावंसं वाटायचं. त्या आवाजामुळेच मंडळानं त्यांना धरून आणलं होतं.

"तिथं मी बोललो की लोक पळत सुटायचे," ते म्हणायचे. "इथंही तेच. फरक काय पडला?"

पण फरक होता, आणि तो मला हळूहळू कळला. नाना आभाराला कागद घ्यायचे नाहीत. कार्यक्रमाच्या आधी ते सगळीकडे नुसते हिंडायचे. व्यासपीठावरची चादर कोणी धुवून दिली, पाहुण्यांना स्टेशनवरून कोणी आणलं, समईची वात कोणी वळली, पेटी कोणाच्या घरून आली, सगळं विचारून घ्यायचे. अध्यक्ष, देणगीदार वगैरे मंडळी दोन वाक्यांत उरकायची आणि मग या माणसांची नावं सावकाश, एकेक, आडनावासकट. तोवर खुर्च्यांचे खटाखट आवाज, बाहेर गाड्या काढायची घाई, कोणाला वांग्याच्या भरताच्या पार्टीला पोचायचं असतं. ज्याचं नाव चाललंय तो स्वतःच पार्किंगमध्ये हँडल वाकडं करून उभा असायचा.

आभार संपवून नाना विंगेत यायचे. स्टेजवरची त्यांची भाषा अगदी पुस्तकी, पण विंगेत आले की धरणगावकडचे व्हायचे.

"बठ्ठा गयात वं ताई," म्हणायचे. सगळे गेले. तक्रार नसायची त्यात. स्टँडवरची शेवटची गाडी सुटल्यावर सांगावं तसं सांगायचे.

एकदाच त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला होता. नाना बशीत चहा ओतत म्हणाले, "ताई, एकदा तरी बसलेल्या लोकांसमोर आभार मानायचेत. माझ्यासाठी नाही. ज्याचं नाव घेतो त्याच्या कानावर ते पडलं पाहिजे ना. बाकी मला काही नको." भाऊ हसले. मीही हसले, कारण नानांना काही मागताना कधी पाहिलं नव्हतं.

धुळ्याची गंमत सांगते. तिथल्या एका संस्थेनं आम्हा दोघांना दुपारच्या समारंभाला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, त्यांनी आपला माणूस पाठवला. मी हे स्टेजवरून जाहीर केलं, पण नाना त्या वेळी मागं हार करणाऱ्या बाईंचं नाव विचारायला गेले होते. झालं. आभारात नाना धीरगंभीर आवाजात म्हणाले, "साहेब आपला बहुमोल वेळ काढून शेवटपर्यंत आपल्यात बसले, त्यांच्या भाषणानं आपण सारे भारावून गेलो." सभागृहात हशा पिकला. दारापर्यंत पोचलेले लोक परत आत आले, आता हा माणूस आणखी काय म्हणतो ते ऐकायला. हारवाल्या बाईंचं नाव मात्र त्या हशात बुडालं.

परतीच्या गाडीत मी त्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, "नाना, चला, एकदा तरी लोक थांबले."

खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागं जात होती. पारोळ्याला नानांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "हसाले थांबनात ताई. ऐकाले नही."

सगळ्या कार्यक्रमांत नानांना सुट्टी असायची ती फक्त शोकसभेला. शोकसभेत आभार मानत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. श्रद्धांजलीची भाषणं होतात, शेवटी सगळे उभे राहतात, दोन मिनिटं स्तब्ध, आणि संपलं. अशा वेळी नाना लोकांत बसायचे, हात मांडीवर ठेवून. "आपलं काम नाही इथं," म्हणायचे. "गेलेल्याचे आभार तो असताना मानायचे असतात."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांचा आवाज बसला तेव्हा. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का कार्यक्रमांना कधी येत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "गावना आभार मानस. घरमां कधी मानात का, इचार त्यास्ले." नाना मफलर सारखा करत गप्प हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. मी खडीसाखर, ज्येष्ठमध असले सल्ले देऊन आले. पुढं महिन्याभरात कळलं की घशात गाठ आहे, मुंबईला ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नाहीत.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी सरळ भाऊंकडे गेले. म्हटलं, दिवाळी पहाटेचा कार्यक्रम नानांचा शेवटचा आहे, आणि त्या दिवशी लोक बसलेच पाहिजेत, कसं ते तुम्ही बघा. भाऊंनीच तोड काढली. शेवटी भैरवी असते, आणि भैरवी झाल्याशिवाय जळगावचा माणूसही उठत नाही. तेव्हा आभार भैरवीच्या आधी ठेवायचे. गाणाऱ्या बाईंनी लगेच होकार दिला. नानांना यातलं काही सांगितलं नाही.

त्या सकाळी नाट्यगृह गच्च भरलं होतं. रेशमी साड्या, अत्तराचा वास, उटण्याचाही. मी जाहीर केलं, "भैरवी अजून व्हायची आहे. तत्पूर्वी आभारप्रदर्शन." नाना चपापले. पण उठले, माईकपाशी गेले, स्क्रू सैल केला. किर्रर्र झालं. कोणीही उठलं नाही. आमच्या नाट्यगृहात पहिल्यांदाच नानांना समोर तोंडं दिसली असतील, रांगांवर रांगा.

त्यांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकदा बघून घेतलं. मग नानांनी दांडा पुन्हा वर केला, नीट आवळला, आणि फाटलेल्या आवाजात म्हणाले, "भैरवी होऊ द्या. आभार नंतर." आणि चक्क विंगेत येऊन बसले.

मी भडकलेच. "नाना, एवढं जमवून आणलं होतं आम्ही. सगळी माणसं बसली होती. आता काय मुहूर्त काढायचा होता का?"

त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "लोके गानासाठे बसेल शेतस, ताई. दार लाईसन कोनी आभार मानस का?"

लोक गाण्यासाठी बसलेत. दार लावून कोणी आभार मानतं का. स्टेजवर भैरवी सुरू झाली. ती कशी झाली ते मला विचारू नका, माझं लक्ष नव्हतं.

भैरवी संपली, टाळ्या झाल्या, स्क्रू किरकिरला आणि सगळे फराळासाठी घराकडे निघाले. नानांनी पाठींना सांगितलं, "उठा, पण ऐकत उठा." आवाज मधूनच तुटत होता. पणत्या लावणाऱ्या मुली, रांगोळी काढणाऱ्या बाई, तानपुरा उचलून आणणारा हमाल, एकही नाव त्यांनी सोडलं नाही. माझं नाव ते कधी घेत नसत, मी घरची म्हणून. त्या दिवशी सगळ्यात शेवटी म्हणाले, "आणि आमच्या ताई. त्या उभ्या राहून राहून थकतात. त्यांचेही आभार." इतक्या वर्षांत मी थकते हे कोणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते बघायलाही सभागृहात कोणी नव्हतं.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. आता आभार एक तरुण प्राध्यापक मानतात, मोबाईलमध्ये बघून, भराभर. वाईट माणूस नाही, पण त्यांनाही पार्किंगमधून गाडी काढायची असते. नाना तरीही यायचे. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसायचे, आणि आभार सुरू झाले की सगळं गाव त्यांच्या अंगावरून बाहेर पडायचं. ते पाय आखडून घ्यायचे, लोकांना वाट द्यायचे आणि शेवटचं नाव संपेपर्यंत हलायचे नाहीत. मी स्टेजवरून बघायची. पुढं एवढा मोठा रिकामा हॉल आणि पार मागं एक मफलर.

एकदा घरी गेले तर अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आते चहा दिधा ना, हात जोडस." आणि पदरानं गॅसची शेगडी पुसायला लागल्या, ती स्वच्छच होती.

या हिवाळ्यात नाना गेले.

शोकसभा नाट्यगृहातच ठेवली. मी भाऊंना म्हटलं, छोट्या खोलीत घेऊ, कोण येतंय. मला वाटलं तीसेक माणसं जमतील. पण खालचा हॉल जवळजवळ भरला. हारवाले, मांडववाले, पेटीवाले, स्टँडवरचे जुने ड्रायव्हर, आणि कार्यक्रमांना नेहमी येणारे ते सगळे, ज्यांच्या पाठी मला तोंडपाठ आहेत. अक्का पहिल्या रांगेत. भाषणं झाली. बऱ्याच जणांनी नानांचं वाक्य सांगितलं, आणि सांगताना थोडं ओशाळून हसले. मग सगळे उभे राहिले. दोन मिनिटं झाली. मी म्हटलं, "शांती."

इथं लोक एरवी निघतात. उभेच असतात, वळायचं तेवढं बाकी असतं. पण कोणी वळलं नाही. एकेक करून सगळे परत खाली बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. शोकसभेला आभार नसतात हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. भाऊंनी मला खूण केली, संपव. मला 'कार्यक्रम संपला' असं म्हणता येईना. ते म्हणायचं काम माझं कधी नव्हतंच.

काय करावं सुचेना तेव्हा मी माईक बंद केला आणि हात आपोआप स्क्रूवर गेला. तो सैल केला, दांडा वीतभर खाली घेतला, नानांच्या उंचीला आणून पुन्हा आवळला. किर्रर्र असा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

एकही खुर्ची वाजली नाही.

मी बाजूला झाले. माईकपुढची जागा मोकळी होती, तिच्याकडे तोंड करून सगळं गाव बसलं होतं.

"बठ्ठा बसेल शेतस, नाना," मी म्हटलं.