थूआत्या आणि चांद्याचा चौक

आमच्या आत्याला गावात थूआत्या म्हणत. तिला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस होती आणि ती लपवायची तसदी ती घेत नसे. लग्नातली जिलेबी असो, शेजारणीचं अंगण असो की पुढाऱ्याचं भाषण, आत्या मान वळवून ‘थू’ करायची आणि पुढच्या कामाला लागायची.

आमच्या सावली गावच्या बाजारात ती वैनगंगेचे मासे विकायची. मासा कोणाचाही असो, आधी अंगठ्याने कल्ला उघडून आत बघायची. “वरून काय पाह्यतं वं, पानी मारलं का सारेच चमकते,” असं गिऱ्हाइकांना सांगायची, तेही स्वतःच्या टोपलीसमोर बसून.

मला चंद्रपूरचं स्थळ आलं तेव्हा आईबाबा मनातून कधीच राजी झाले होते. मुलाचं भर चौकात जेवणाचं हॉटेल होतं. मीही राजी होते. फक्त घर पाहणं उरलं होतं. आमच्याकडे घर पाहायला मुलीची आत्या लागते, आणि तिने हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही.

जीप चंद्रपुरात, म्हणजे आमच्या बोलीतल्या चांद्यात, शिरली तसे मध्यस्थ भाऊ म्हणाले, “घरी सैपाक होऊनच राह्यला. तवरक जरासा चौक पाहून घ्या, आत्याबाई. चांद्याले आल्यासारखं तं वाटलं पाह्यजे.” ही त्यांची चूक. थेट घरी नेलं असतं तर मी आज त्या घरात असते.

मी तर हरखलेच. पुतळा, रंगीत दिव्यांचं कारंजं, चारी बाजूंनी दुकानं. आत्याने कारंज्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि बोटं हुंगली. पाण्यावर हिरवी साय, सायीवर संत्र्याची सालं आणि बिड्यांची थोटकं. पुतळ्याच्या चौथऱ्याला कमरेएवढ्या उंचीपर्यंत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या.

“थू.”

“आत्याबाई, इथी काऊन थुकता? लोक पाहून राह्यले.”

“जागा कुठी सोडली तुमच्या लोकायनं? तेच शोधून राह्यली.”

मुलाने पांढऱ्या शर्टात येऊन तळलेल्या माशांच्या प्लेटा पुढे केल्या. आत्याने वास घेतला, प्लेट खाली ठेवली आणि चूळ भरायचं निमित्त करून हॉटेलमागे गेली. लोटा घेऊन मी तिच्या मागे.

मागे उघडी नाली होती. तिला लागून एक बाई उष्टी ताटं घाशीत बसली होती. टपातलं पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं, त्यात शितं तरंगत होती. सोड्याने तिच्या बोटांची कातडी सोलवटून आतलं पांढरं मांस दिसत होतं.

“कोन वं तू?” आत्याने विचारलं.

“मोठी सून.”

“घरी पाहुने, अन् तू इथी?”

“मले समोर येऊ नोको म्हनलं. हात पाहून पाहुने जेवनार नाई म्हने.”

“अन् नवी आली तं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तं मंग दोघी होऊ.”

आत्या तिथेच, त्या चिखलात, बसली. जाळं ओढून हात फाटतात म्हणून तिच्या कमरेला मोहाच्या बियांच्या तेलाची डबी असायची. ती काढून तिने ते दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि बोटांच्या बेचक्यांत तेल चोळलं. सावकाश, एकेक बोट. डबी तिथेच ठेवली. तेवढ्या वेळात ती एकदाही थुंकली नाही.

पुढे येऊन म्हणाली, “घर पाह्यलं. जीप फिरवा.”

“घर तं अजून दूर आहे, आत्याबाई,” भाऊ म्हणाले.

“पाह्यलं म्हनलं ना.”

सावली येईपर्यंत मी आत्याकडे पाठ करून मागचा रस्ता पाहत बसले. मला तो चौक हवा होता.

पुढे मला सिंदेवाहीचं शेतीवालं घर मिळालं. तेही आत्यानेच आधी न्हाणीघर पाहून ठरवलं. शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या चहालाही थू करून ती गेली.

त्यानंतर मुलीच्या कॉलेजसाठी चंद्रपूरला जाणं झालं. पोरगी म्हणाली, “आई, बस यायला वेळ आहे, चौक पाहून येऊ.” कारंजं बंद पडलं होतं, सायीची जागा कचऱ्याने घेतली होती. पिचकाऱ्या पुतळ्याच्या पायांपर्यंत चढल्या होत्या. पोरीला रसवंतीवर बसवून मी हॉटेलमागे गेले. मोहाच्या तेलाची तशीच एक डबी घरूनच आणली होती.

ती तिथेच होती. केस पिकलेले, हात तसेच. मला तिने ओळखलं नाही, डबी ओळखली.

“ते तेलवाली बाई कुठी आहे?”

“गेली.”

आतून कोणी ओरडलं, “ताटं आन वं लवकर.”

तिने डबी कमरेला खोचली, मान दाराकडे वळवली आणि थुंकली. मग पुढचं ताट उचललं.