मुंगी चावली

कुणाशीही बोलता बोलता मावशींचा हात समोरच्याच्या डाव्या दंडाकडे जायचा. बाही वर सारायची, देवीचा व्रण अंगठ्याने चाचपायचा आणि निकाल द्यायचा, "ही माझीच."

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत बऱ्याच दंडांवर त्यांचा व्रण होता. महापालिकेच्या दवाखान्यात त्या देवी काढत. माझ्या बायकोचं बालपण तिथलंच. तिच्या दंडावर त्यांची खूण होती, त्यामुळे ती त्यांची लेक ठरली. मी साताऱ्याकडचा. माझी बाही वर करून त्या म्हणाल्या, "कुणी काढली रे ही? तिरकी आहे."

देवीचा रोग गेला आणि त्यांची सुईही गेली. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी मुलांना पोलिओचे थेंब पाजले. त्याबद्दल त्यांची तक्रार होती. "थेंबात काय आहे? पोर रडतसुद्धा नाही. मग ओळख कशी राहणार?"

चेंबूरच्या एका सहकाऱ्याकडून मी चिकूला आणलं, तेव्हा त्या निवृत्त होऊन समोरच्या खोलीत एकट्या राहत होत्या. कुत्र्याचं पिल्लू पिशवीतून बाहेर काढायच्या आत त्या दारात हजर.

"याच्या देवी काढल्या काय रे?"

"मावशी, कुत्र्यांना देवी येत नाहीत."

"मग काय येतं?"

"डिस्टेंपर."

"तेच ते. सुई आहे ना? मग मी येते."

हसण्यासारखी वेळ नव्हती. त्या पावसाळ्यात गल्लीतली पिल्लं तोंडाला फेस येऊन, झटके येऊन मरत होती. इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत चिकूला जमिनीवर सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कामावर जायचो. चिकू दिवसभर मावशींच्या पदरात असायचा.

जंताचं औषध मी चमच्याने पाजलं, ते त्याने माझ्या शर्टावर थुंकलं. मावशींनी तेच औषध बोटाने त्याच्या गालात सोडलं आणि गळ्यावरून हात फिरवला. त्याने गिळलं, वर त्यांचं बोटही चाटलं. "बाळंच ती," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला ते बघणं आवडलं नाही.

इंजेक्शनच्या दिवशी चिकूला मावशींकडे देऊन मी मुद्दाम डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. टोचताना जो धरून ठेवतो त्याच्यावर जनावर राग धरतं, असा माझा समज होता. राग मावशींच्या वाट्याला येणार आणि चिकू माझ्याकडे धावत येणार. आतून एक किंकाळी आली. पाठोपाठ मावशींचा आवाज. "झालं, झालं. मुंगी चावली, मुंगी."

त्या बाहेर आल्या तेव्हा चिकूचं तोंड त्यांच्या काखेत होतं. मी हात पुढे केला. त्याने तोंड आणखी आत खुपसलं.

प्रत्येक इंजेक्शनला हेच झालं. चिकू वाचला, दांडगा झाला. मी ग्लुकोजची बिस्किटं आणू लागलो. तो बिस्किट माझ्या हातून घ्यायचा आणि मावशींच्या उंबऱ्यावर बसून खायचा. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. त्याचं काहीच चुकत नाही, आणि तेच सहन होत नाही.

"अहो, म्हाताऱ्या बाईवर जळताय?" बायकोने विचारलं.

"कुत्रा कुणाचा आहे?"

"ते त्याला विचारा ना."

चिकू वर्षाचा व्हायच्या सुमारास मावशी कायमच्या गावी, भावाकडे निघाल्या. टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी माझी बाही वर केली. "तिरकी आहे," त्या म्हणाल्या, "पण लागलीय छान." मग चिकूच्या कानामागे खाजवलं. "याचं सालाचं इंजेक्शन चुकवू नको हां. आणि धरताना घट्ट धर. सैल हाताला भितात ती." त्या गेल्या. मला दुःख झालं, आणि चिकू आता माझा, असंही वाटलं.

सालाच्या इंजेक्शनला मी आत गेलो. चिकू टेबलावर थरथरत होता. मी त्याला घट्ट धरलं. सुई आत गेली, तो केकाटला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "झालं, झालं. मुंगी चावली, मुंगी."

त्याची थरथर थांबली. कान टवकारले गेले. माझ्या कोपरावरून मान बाहेर काढून तो बंद दाराकडे पाहू लागला. डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली तरी त्याची शेपटी हलत होती.