आईचं रिकामं ताट

"घरात आजारपण आलं की मी एकच वेळ जेवते," आई माझ्या लहानपणी म्हणाली होती. मैत्रिणींनो, ते मला आज आठवलं.

तिच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आज पुन्हा पुढे गेलं. डॉक्टर म्हणाले, "खून में अल्ब्युमिन कम है, सूजन ज़्यादा. टाँके नहीं भरेंगे." अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन, नीट न जेवल्यानंही कमी होतं म्हणे. मला रक्त तपासणाऱ्या, आमच्या फ्रीगंज भागातल्या लॅबचाच संशय आला. दोन्ही वेळची ताटं मीच तिच्या खोलीत नेते आणि ती रिकामी परत येतात.

दुपारी शेजारच्या भाभी हसत म्हणाल्या, "माँजी तो शाम को गाय को पनीर तक खिलाती हैं!"

आईला विचारलं.

"मग? आजारपण घरातच आहे ना गं?"

आता संध्याकाळचं ताट घेऊन तिच्यासमोर बसलेय. ती नाहीच म्हणेल. पण म्हणतेय, "आई, ऑपरेशनपर्यंत तरी दोन वेळा जेव ना."