मास्तरांची किमान रक्कम

मास्तरांनी जन्मात कुणाचा पैसा बुडवला नाही, आणि नेमका हाच गुण त्यांच्या मुळावर आला.

शिवणकामाच्या धंद्यात एक रीत असते. अस्तर, दोरे, बटणं उधारीवर आणायची, व्यापारी मागेल तेवढे पैसे देत राहायचं, आणि हिशेब संपला की तोच सांगतो, "मास्तर, तुमचं फिटलं." त्यामुळे पँटची उंची कमी करायला आलेल्या बँकेच्या एका टायवाल्याने जेव्हा गोड गोड बोलून क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, तेव्हा मास्तरांना तीही तसलीच उधारी वाटली. मेल्याची पँट त्यांनी फुकट करून दिली, वर चहा पाजला!

कार्डावर त्यांनी कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन घेतलं, धाकट्या लेकीसाठी. तिने मागच्या गल्लीत नुकतंच दुकान थाटलं होतं. पण मशीन ठेवलं स्वतःकडेच. "फिटलं की तुझं. कर्जाची वस्तू मी लेकीला देणार नाही," असं ते ठासून म्हणाले.

दर महिन्याच्या बिलात 'भरायची किमान रक्कम' लिहिलेली असे. मास्तर तोच हप्ता समजले. तारखेआधी भरायचे आणि येईल त्याला ऐकवायचे, "तेवढं वेळेवर भरलं की झालं. बँक काय खाते आपल्याला?"

खात होती ना! रोज खात होती.

चार वर्षं झाली तरी फिटल्याचं कुणी सांगेना. तेव्हा मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले, उरलंसुरलं देऊन टाकावं म्हणून. काउंटरवरच्या बाईने संगणकात पाहिलं.

"काका, निम्मं मुद्दल अजून बाकी आहे."

"अहो, मशीनच्या दीडपट भरलंय मी!"

"ते बरंचसं व्याजात गेलं. किमानच भरलं की बाकीच्यावर व्याज चढतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"बिलामागे छापलेलं असतं. सहीही तुमचीच आहे." मग ती हसून म्हणाली, "तुमचं रेकॉर्ड उत्तम आहे. लिमिट वाढवून देऊ?"

केसाने गळा कापायचा, तो असा. मास्तर ओरडले, टेबलावर मूठ आपटली. झालं काय? रखवालदाराने दंडाला धरून बाहेर काढलं. लुटणारे आत गार हवेत बसले, आणि लुटला गेलेला माणूस दंगेखोर ठरला.

तसेच तणतणत ते लेकीच्या दुकानात शिरले. मशीन एवढ्यात मिळणार नाही, हे कसं सांगावं ते सुचत नव्हतं. तिनेच हात धरून त्यांना कोपऱ्यात नेलं आणि नव्याकोऱ्या मशीनवरची चादर ओढली.

"बटणांची काजं करायचं मशीन आहे, आप्पा. वर्ष होईल आता कार्डावर घेऊन. तुम्हाला चकित करायचं होतं. एकही तारीख चुकवली नाही, किमान रक्कम वेळेवर भरते."

"कुणी सांगितलं तुला असं भरायला?" मास्तर किंचाळले. "कोण तो हरामखोर?"

लेक घाबरून दोन पावलं मागे सरली.

"तुम्हीच की, आप्पा."